बॅलन्स बाईक घ्यावी का? फोंड्यातल्या आमच्या अंगणातला अनुभव, आणि चार वर्षांच्या मुलांच्या कोचिंगबद्दल थोडंसं

निकाल आधीच सांगून टाकते, म्हंजे घाईत असलेल्यांना खाली शोधत बसायला नको. मूल अडीच ते चारच्या मधे असेल आणि घराजवळ गाड्या न येणारी थोडी सपाट जागा असेल तर बॅलन्स बाईक, म्हंजे पेडल नसलेली छोटी सायकल, जरूर घ्या. आमच्या मुलीसाठी आजपर्यंत जेवढ्या वस्तू आणल्या त्यात सगळ्यात जास्त वापरली गेलेली आणि सगळ्यात जास्त काही देऊन गेलेली वस्तू हीच. पण ही घेतली की मुलाची खेळाची सगळी तयारी झाली असं मात्र नाही, ती काय देते आणि काय देत नाही हे नीट कळावं म्हणून एवढं मोठं लिहितेय.

मी गोव्यात फोंडा तालुक्यात एका प्रायमरी शाळेत पीई, म्हंजे शारीरिक शिक्षण शिकवते, त्यामुळे पहिली-दुसरीची मुलं रोज बघते आणि घरी माझी स्वतःची मुलगी आहे, आता चार पूर्ण होतील. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या सायकलींमधे नावापेक्षा मापं महत्त्वाची, आणि मापं बघून घेतली तर साध्यातली साधीसुद्धा चालते. साधारण अडीच-तीन हजारांपासून मिळतात, अॅल्युमिनियमच्या वर जातात.

आधी ज्यांना ही काय चीज आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी. दोन चाकं, एक सीट, एक हँडल, बस. पेडल नाही, चेन नाही, बाजूची दोन छोटी चाकं नाहीत. मूल सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीवर टेकवतं आणि पायाने ढकलत पुढे जातं. हे काही नवीन फॅड नाहीये बरं का, जगातली पहिली दोनचाकीच अशी होती, जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने 1817 साली लाकडाची बनवून मॅनहाइममधे चालवून दाखवली, मोठी माणसं तिच्यावर बसून पायाने ढकलत जायची, पेडल नंतर कितीतरी वर्षांनी आलं. म्हंजे तोल आधी आणि पेडल नंतर हा क्रम सायकलच्या इतिहासातच आहे, आपण मुलांना मात्र उलटं शिकवत आलो, आधी पेडल मारायला लावायचं आणि तोल बाजूच्या चाकांवर सोडून द्यायचा.

बाजूच्या चाकांचं नेमकं काय होतं ते सांगते. दोन चाकांवरची सायकल वळते तेव्हा ती आत झुकावी लागते, आणि ती पडायला लागली की ज्या बाजूला पडतेय त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की सावरते. हे डोक्याने करायचं काम नाही, अंगाने करायचं काम आहे, मोठ्या माणसालाही विचारलं तर सांगता येत नाही पण करता येतं. बाजूला चाकं लावली की सायकल झुकतच नाही. मग मूल नुसतं हँडल फिरवून वळतं, आणि पुढे ती चाकं काढली की वर्षभर लागलेली सवय मोडून पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, त्यातच मग ते आपलं ठरलेलं दृश्य, बाप सीट धरून मागे धावतोय, मूल ओरडतंय सोडू नका सोडू नका. बॅलन्स बाईकवर हा प्रकारच येत नाही. मागून धरायचं काही नसतंच. पाय जमिनीला लागतात, भीती वाटली की टेकवले, बरं वाटलं की उचलले, किती पुढे जायचं ते मूल स्वतः ठरवतं. मला या वस्तूतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आमच्याकडे सायकल मे महिन्यात आली. पहिले काही दिवस तर मुलगी सीटवर बसतच नव्हती, सायकल दोन पायांच्या मधे धरून नुसती चालायची, मधेच टाकून द्यायची आणि मांजरामागे जायची. आम्ही काही बोललो नाही. नवरा एकदा मागून धरायला गेला तर सासूबाई वसरीवरूनच (ओसरीवरूनच) कोंकणीत म्हणाल्या, "ताका धरूं नाका रे, तें आपणाचें आपूण करतलें. पडलें जाल्यार उठतलें." म्हंजे तिला धरू नका, तिचं ती करेल, पडली तर उठेल. आणि खरंच तसंच झालं. चालण्यातून बसून चालणं, मग एक दिवस बसून पळणं, मग पळता पळता दोन्ही पाय थोडेसे वर. जूनमधे पाऊस लागला तेव्हा काळजी होती की आता चार महिने पडून राहणार, पण आमचं जुनं घर, लांब वसरी, तिथेच या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या चालू राहिल्या, वळताना खांब चुकवायला लागायचा त्यातून हँडल उलट जास्त चांगलं बसलं. चवथीच्या, म्हंजे गणेशचतुर्थीच्या सुमाराला अंगण सुकलं आणि बाहेर काढली तर ती फाटकापर्यंतच्या उतारावरून दोन्ही पाय वर उचलून सरळ आली, आरती करायला जमलेले सगळे पाहुणे बघत राहिले. कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही फक्त जागा दिली आणि वेळ दिला.

आता हे मी एवढं कौतुकाने का लिहितेय, तर शाळेत काय दिसतं ते सांगते. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या क्रीडा योजनेच्या फिटनेस टेस्टमधे पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी उंची-वजनाबरोबर दोनच गोष्टी असतात, एक फ्लेमिंगो बॅलन्स, म्हंजे एका पायावर पट्टीवर उभं राहायचं आणि मिनिटभरात कितीदा तोल गेला ते मोजायचं, आणि दुसरी प्लेट टॅपिंग, म्हंजे टेबलावरच्या दोन गोल चकत्यांना एकाच हाताने आळीपाळीने पटापट शिवायचं, 25 फेऱ्या. धावायचं नाही, लांब उडी नाही, ताकद नाही. त्या वयात बघायचं काय तर तोल आणि डोळा-हाताचा मेळ. मी जेव्हा ही घेते तेव्हा काही मुलं पट्टीवर पाय ठेवतात आणि लगेच खाली. अगदी धष्टपुष्ट, बोलायला हुशार, टॅबवर बोटं भराभर चालवणारी मुलं. त्यांच्यात काही कमी नाहीये, त्यांना एका पायावर उभं राहायची वेळच आलेली नाही. घरातून गाडीत, गाडीतून वर्गात, वर्गातून ट्यूशनला.

तोल हा एका जागी नसतो शरीरात. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धगोल नळ्या असतात, डोकं कुठे कलतंय फिरतंय ते त्या सांगतात, दुसरी बातमी डोळ्यांकडून येते, तिसरी पायाच्या स्नायूंमधून आणि सांध्यांमधून, आणि या तिन्ही बातम्या जुळवून कुठला स्नायू किती ताणायचा ते ठरवायचं काम मेंदू करतो, त्यात मागचा छोटा मेंदू महत्त्वाचा. हे जुळवणं सरावाने येतं. मूल जितक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी कलतं, फिरतं, सावरतं, चुकतं, तितकं ते पक्कं होतं. बॅलन्स बाईकवर हे सगळं एकाच वेळी चालू असतं, पाय आळीपाळीने ढकलतात, हात हँडल सांभाळतात, डोळे पुढे, कंबर मधे सरळ राहते, आणि मूल मजेत असल्यामुळे कंटाळत नाही. क्लासमधे एवढी पुनरावृत्ती कोणी करून घेऊ शकत नाही.

क्लासवरून आठवलं, हे मला मनापासून लिहायचंय. आपल्या गोव्यात फुटबॉल रक्तात आहे, राज्याचा खेळच तो, आणि 2023 ला नॅशनल गेम्स इथे झाले तेव्हापासून मला तरी असं दिसतं की पालक आधीपेक्षा लवकर विचारायला लागलेत, टीचर याला कुठे घालू, चार वर्षांचा आहे, फुटबॉलला घालू की स्विमिंगला घालू की बॅडमिंटन. त्यांची तळमळ खरी असते, मला त्यांचा रागबिग येत नाही. पण चार वर्षांच्या मुलाला ड्रिलच्या रांगेत उभं करून काय मिळतं? माझा भाचा साडेचारचा असताना एका कोचिंगला जायचा, नाव घेत नाही, मी एकदा जाऊन बसले. एक चेंडू आणि रांगेत दहा-बारा पोरं, एकाची किक झाली की तो मागे जाऊन उभा राहायचा आणि पुन्हा पाळी येईपर्यंत गवत उपटत बसायचा. तासाभरात त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागला असेल ते तुम्हीच बघा. वर कोच ओरडतोय पास दे पास दे. त्या वयात पास म्हंजे काय ते कळतच नाही, चेंडू माझा एवढंच कळतं आणि ते बरोबरच आहे.

आणि नजरेचा प्रश्न आहेच. येणाऱ्या चेंडूचा वेग किती, तो कुठे पडणार, याचा अंदाज घेण्याची डोळ्यांची तयारी सहा-सात वर्षांपर्यंत पुरी होत नाही. म्हणून चार वर्षांचं पोर झेल घेताना तोंड फिरवतं किंवा चेंडू छातीवर आपटून गेल्यावर हात मिटतं, त्याला भित्रा म्हणू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा साधारण सहाच्या आसपास मुलं संघाच्या खेळाला तयार होतात असं सांगते. तोपर्यंत काय, तर धावणं, उड्या, चढणं, लोंबकळणं, फेकणं, लाथा मारणं, लोळणं, तोल सांभाळणं, हे सगळं भरपूर आणि मिसळून. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मधे पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली 60 मिनिटं तरी दम लागेल अशी, आणि बसून स्क्रीन बघणं एक तासाच्या वर नको. 180 मिनिटं म्हंजे तीन तास. आठवड्यातून दोनदा पाऊण तासाच्या क्लासने हे भरून निघत नाही, आणि अंगणातल्या सायकलने अर्धं सहज निघतं, आमच्याकडे निघतं, सकाळी शाळेच्या आधी थोडं, संध्याकाळी उन्हं कलली की जेवायला हाक मारेपर्यंत.

(यावरून एक सांगून घेते, बाळाला वॉकर भेट म्हणून अजून लोक आणतात. वॉकरने मूल लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरून पडण्याचा धोका मोठा, कॅनडात तर 2004 पासून विकायला बंदी आहे. आमच्याकडे आलेला आम्ही परत दिला, ज्यांनी आणला त्यांना समजावून सांगितलं, त्या रागावल्या नाहीत.)

आता ही सायकल काय देत नाही ते. फेकणं-झेलणं देत नाही. एका पायावरची उडी देत नाही. हातांची, खांद्यांची ताकद देत नाही. पकड थोडी देते पण लोंबकळण्याची सर नाही. त्यामुळे नुसती सायकल घेऊन थांबू नका. झेलासाठी आम्ही फुगा घेतला, कारण फुगा हळू येतो आणि डोळ्यांना बघायला वेळ मिळतो, मग मोज्यांचा गोळा, मग मोठा हलका चेंडू आणि तोही आधी घरंगळत, मग टप्पा देऊन, मग हवेतून. साधारण चारच्या आसपास मोठा चेंडू बऱ्याच वेळा पकडता येतो मुलांना, त्याआधी अपेक्षा धरू नये. फेकायला भिंतीवर खडूने गोल काढून दिला, आणि फेकताना फेकणाऱ्या हाताच्या उलट बाजूचा पाय पुढे टाक एवढं एकच सांगते, बाकी काही नाही. एकाच बाजूचा हात आणि पाय पुढे टाकून फेकणारी मुलं मला पाचवीतसुद्धा भेटतात, हे लहानपणी आपोआप सुटायला हवं होतं.

एका पायावरच्या उडीला लंगडी आहेच. तीन वर्षांचं मूल एका पायावर क्षणभर उभं राहतं, चारच्या आसपास एक-दोन उड्या मारतं, आणि एक पाय उडी एक पाय पाऊल असं तालात उड्या मारत जाणं पाच-सहाच्या आधी नीट येत नाही, तेव्हा लंगडीचा पूर्ण डाव नको, अंगणातल्या चिऱ्यांच्या फरशीवर एका चिऱ्यावरून दुसऱ्यावर, पुरे. आणि फुगडी! चवथीत आमच्याकडे बायका फुगडी घालतात तेव्हा छोट्या मुलींनाही बरोबर घेतात, हात उलटसुलट धरून, मागे कलून, गरगर. कानातल्या त्या नळ्यांना यापेक्षा चांगला व्यायाम मला तरी माहीत नाही, शिवाय समोरच्याच्या वजनावर आपलं वजन तोलायचं, दोघींनी एकाच ठेक्यात पाय टाकायचे, हे सगळं त्यात येतं. मुलग्यांनाही घ्या, काही बिघडत नाही. फक्त लहानांना हळू फिरवा, आणि मनगटाला धरून उचलून गरगर फिरवू नका, कोपराचा सांधा निखळतो या वयात, हे खरंच होतं आणि डॉक्टरकडे पळावं लागतं.

खरेदीचं बोलू. पहिली गोष्ट सीटची उंची. मुलाला भिंतीला टेकून अनवाणी उभं करा, पायांच्या मधे एक पुस्तक आडवं धरून वर नीट टेकवा, तिथपासून जमिनीपर्यंत मोजा. सीट त्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली बसायला हवी, म्हंजे बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतात आणि गुडघे जरासे वाकलेले राहतात. टाचा उचलल्या जात असतील तर सीट उंच आहे, मूल घाबरणार. वयावर जाऊ नका, डब्यावर लिहिलेलं वय कामाचं नाही, आमची मुलगी बारीक आणि बुटकी, डब्याप्रमाणे गेलो असतो तर सीट उंचच पडली असती. दुसरी गोष्ट वजन. सायकल मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जड नको, 13 किलोच्या मुलाला चार किलोच्या आसपासची ठीक, पाच-सहा किलोची लोखंडी धूड घेतलीत तर पडल्यावर मूल उचलूच शकणार नाही आणि उचलता येत नाही म्हणून सोडून देईल. चाकं 12 इंची घ्या, त्याहून छोटी खड्ड्यात अडकतात.

टायर दोन प्रकारचे येतात, फोमचे आणि हवेचे. फोमचे हलके, पंक्चर नाही, पण गुळगुळीत फरशीवर आणि ओल्यात घसरतात, आणि आपल्याकडे ओलं किती महिने असतं ते माहीत आहेच. हवेचे जड पण पकड चांगली, दगडमातीवर धक्के कमी. माझं मत हवेच्या बाजूने, पंप घरात असला तर. ब्रेकची या वयात गरज नाही, पायच ब्रेक, लहान बोटांना ब्रेकची दांडी ओढताही येत नाही. हँडलच्या टोकाला रबराची जाड गुंडी हवी, पडल्यावर पोटात लागत नाही. आणि पाय ठेवायला फ्रेमवर जागा असेल तर बरी पण नसली तरी चालतं, मुलं पाय कुठेतरी वर धरतातच.

गंज. हे गोव्याबाहेरच्या रिव्ह्यूंमधे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. स्टीलची घेतलीत तर पावसाळ्यात आणि समुद्राच्या हवेत स्क्रू आणि चाकांची बेअरिंगं पहिली जातात, रंग नंतर जातो. आमच्या सायकलच्या पुढच्या चाकाचा आवाज एका पावसाळ्यात यायला लागला. फोंड्याला समुद्र लांब आहे तरी ही गत, मिरामार, कळंगुट, कोलवाकडे राहणाऱ्यांनी अॅल्युमिनियमचीच घ्यावी असं मी म्हणेन. बीचवर नेली तर घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवा, पुसा, बेअरिंगला तेलाचा थेंब. पाण्याचा जोरात फवारा बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जातं.

चालवायला जागा कुठे, हा खरा प्रश्न. फोंडा सगळा चढउतार, आणि रस्त्यावर फुटपाथ असला तर त्यावर स्कूटर्‍या. आम्ही अंगणात चालवतो, कधी क्रांती मैदानावर नेतो, सकाळी लवकर गेलं तर जागा मिळते. पणजीला गेलो की कांपालच्या बाजूला नदीकाठी जातो, तिथे सावलीही आहे. मिरामारला ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली घट्ट वाळू या सायकलला मस्त, चाक रुतत नाही आणि पडलं तर लागत नाही, पण कोरड्या वाळूत अजिबात चालत नाही, मूल चिडतं. देवळांच्या बाहेरच्या मोकळ्या जागा मोठ्या आणि गुळगुळीत असतात पण दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना धक्का लागेल, तिथे नको. आणि उतार. मूल तरबेज झालं की त्याला उतार हवाच असतो, अगदी हलका, खाली सपाट मोकळी जागा असलेला द्या, जिथे उतार संपतो तिथे रस्ता किंवा विहीर किंवा गडगा नको. या सायकलचा वेग मोठ्या माणसाला पळत गाठता येत नाही इतका होतो, हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून. नंतर घालू म्हटलं की नंतर घालत नाहीत. भुवईच्या वर दोन बोटं जागा ठेवून आडवं बसलं पाहिजे, मागे कललेलं नको, पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्ही सारख्या, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच ढिली. पायात बूट, चपला नाहीत, अनवाणी तर नाहीच, ब्रेक म्हणून पायच घासतात ना, चिऱ्याच्या जमिनीवर अंगठ्याची साल निघते. पहिल्या काही महिन्यांत गुडघे फुटले, कोपर फुटलं, त्यापेक्षा जास्त काही नाही. पडताना हात पुढे टाकणं आणि अंग गोळा करणं हेही मूल यातूनच शिकतं, आणि पुढे कुठल्याही खेळाला ते लागतंच.

नावडलेल्या गोष्टी आता. वापराचा काळ छोटा, अडीचला घेतली तर चार-साडेचारला उंची पुरेनाशी होते, त्यामुळे महागातली घ्यावी की नाही हा विचार कराच. भावंडं असतील, चुलत-मावस मुलं असतील तर प्रश्न नाही, हातोहात जाते. आमची माझ्या जाऊबाईंच्या मुलासाठी आधीच ठरलीय. दुसरं, ज्या दुकानातून घेतली तिथे जोडून दिली ती चुकीची, पुढचा फोर्क उलटा बसवलेला आणि सीटचा स्क्रू ढिला, कोणी तपासलं नव्हतं, नवऱ्याने घरी येऊन सगळं पुन्हा जोडलं. तुम्ही कुठूनही घ्या, पाना घेऊन एकेक स्क्रू स्वतः बघा, मगच मुलाला बसवा. तिसरं, सोबत आलेली सीटची दांडी आखूड होती, लांब दांडी वेगळी मिळते का ते घेतानाच विचारा, त्यावर आणखी काही महिने निघतात.

कोणी घेऊ नये? फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली फक्त पार्किंग आणि गाड्यांची ये-जा, आणि मैदानावर नेणारं रोज कोणी नाही, तर पैसे घालवू नका, ती बाल्कनीत उभी राहील. त्याऐवजी मुलाला बागेत चढायला-लोंबकळायला न्या, जमिनीवर दोरी टाकून तिच्यावरून चालायला लावा, उशांचे ढीग करून उड्या मारू द्या. मूल पाच पूर्ण असेल तर सरळ पेडलची छोटी सायकल घ्या आणि सुरुवातीला तिचे पेडल काढून ठेवा, सीट खाली करा, झाली बॅलन्स बाईक, तोल बसला की पेडल परत लावा. हे ज्यांच्याकडे आधीच सायकल आहे त्यांनीही करावं, फुकटात होतं, फक्त डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, तो नेहमीच्या उलट दिशेने फिरवून सुटतो, जोर लावून मोडू नका.

आणि तीन वर्षांचं मूल नीट पळत नसेल, सारखं पडत असेल, कायम चवड्यांवर चालत असेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल किंवा आधी येत असलेलं काही आता येत नसेल, तर सायकल आणि खेळ बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढेल तसं सुधारेल म्हणून वर्षभर थांबलेली मुलं माझ्याकडे शाळेत येतात तेव्हा वाईट वाटतं, लवकर दाखवलं तर थेरपीने खूप फरक पडतो.

भाच्याचं विचाराल तर त्याने ते कोचिंग सोडलं, आमच्याकडे सुट्टीत येऊन बहिणीची सायकल ओढून घेतो, गुडघे हँडलला लागतात तरी. त्याला आम्ही 16 इंची घेतली, पेडल काढून, वर सांगितलं तसंच. तो आता पेडल लावून चालवतो, आणि संध्याकाळी मुलांबरोबर चेंडू खेळतो, दोन्ही पायांनी, रांगेत न थांबता. सहाचा झाला आणि स्वतः म्हणाला तर फुटबॉलला पुन्हा घालायचं असं त्याच्या आईने ठरवलंय, या वेळी चेंडू किती आहेत आणि मुलं किती ते आधी जाऊन बघून.